चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतला 'प्ले' कसा शिकवायचा

आपल्याकडचे जे कोणी चिनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतात त्यांच्यासाठी हे. 'प्ले' दिसायला एकदम सोपा शब्द, पण डिक्शनरीतले अर्थ एकापाठोपाठ एक वाचून दाखवले तर काहीही डोक्यात राहत नाही, म्हणून अर्थांची यादी देऊच नका.

आधी त्यांनाच बोलू द्या. बास्केटबॉल, फुटबॉल, पियानो, व्हायोलिन, बासरी, बुद्धिबळ अशी चित्रं दाखवायची आणि विचारायचं की मँडरिनमध्ये काय म्हणता. बास्केटबॉलला 'ता' येईल म्हणजे मारणं, फुटबॉलला 'थी' म्हणजे लाथ मारणं, पियानो-गिटारला 'थान', व्हायोलिनला 'ला' म्हणजे ओढणं कारण बो म्हणजे गज ओढतात, बासरीला 'छ्वेइ' म्हणजे फुंकणं आणि बुद्धिबळाला 'श्या'. पत्त्यांना परत 'ता'. हात काय करतोय, पाय काय करतोय हे बऱ्याचदा त्यांच्या क्रियापदातच असतं, इंग्रजीत मात्र सगळ्याला एकच 'प्ले'. आपल्याला ही अडचण लगेच कळते, आपणही क्रिकेट खेळतो, पेटी वाजवतो आणि गाणं लावतो.

मग जोड्या पाठ करून घ्या, सुटा शब्द नको. 'प्ले बास्केटबॉल', पण 'प्ले द पियानो'. खेळाला 'द' नाही, वाद्याला शक्यतो लावायचा. मँडरिनमध्ये 'अ' आणि 'द' सारखं काही नाहीच, त्यामुळे हे मोठ्याने म्हणून घेतल्याशिवाय तोंडात बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई अजिबात नको. मँडरिनमधलं 'वान' म्हणजे खेळणं, पण मित्रांबरोबर हिंडणं-फिरणं, टाइमपास करणं हेही 'वान'च. त्यामुळे तिशीतला नोकरदार माणूस सांगतो, 'येस्टर्डे आय प्लेड विथ माय फ्रेंड्स', आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा लपाछपी खेळून आला. त्याला 'हँग आउट' द्या आणि त्याच्याच मागच्या रविवारबद्दल वाक्यं करायला लावा. तसंच 'आय प्लेड माय फोन' म्हणतात, तिथे 'आय वॉज ऑन माय फोन'. ही चूक चांगलं इंग्रजी येणाऱ्यांकडूनही होते, हसू नका, शांतपणे परत परत दुरुस्त करा.

गाणं किंवा व्हिडिओ लावणं ('फांग') आणि भूमिका करणं ('येन') एकाच तासात उरकतं. 'अ प्ले' म्हणजे नाटक, ते दुसऱ्या दिवशी.

शेवटी उलटा व्यायाम, चित्रं समोर आहेत तोवरच. त्यांचं 'खाय' घ्या, मूळ अर्थ उघडणं: दार खाय, दिवा खाय, गाडी खाय, मीटिंग खाय. इंग्रजीत चारही वेगळे, ओपन, टर्न ऑन, ड्राइव्ह, हॅव. 'ओपन द लाइट' कुठून येतं ते त्यांचं त्यांनाच सापडू द्या.