एकियमचा लाल तुरा अंगणात कसा फुलवावा

स्पेनच्या तेनेरिफे बेटावर तेइदे ज्वालामुखीच्या परिसरात, सुमारे २,००० मीटर उंचीवर, एकियम विल्डप्रेटी हे फुलझाड रानात उगवते. पहिल्या वर्षी रुपेरी, लवदार पानांचा नुसता झुबका, दुसऱ्या वर्षी दोन-तीन मीटरचा लाल तुरा, मग बी धरून मरण, असा त्याचा क्रम असतो. हिवाळ्यात पाऊस आणि कोरडा उन्हाळा असलेल्या कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात ते चांगले रुजते.

बी ऑक्टोबरमध्ये पेरावे. रोप लहान असतानाच, दिवसभर उन्हाच्या जागी, मुळांना धक्का न लावता कायमचे लावावे.

खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्यात होते. सॅन होजेमधील माझ्या अंगणात चिकणमाती आहे, आणि महाराष्ट्रातून आलेल्या हाताला सवय आळे करण्याची. त्यामुळे मी रोपाभोवती आळे केले आणि दुपारी पाने मलूल दिसताच त्यात पाणी भरत गेलो. दोन आठवड्यांत पाने सकाळीही मलूल दिसू लागली, म्हणून पाणी आणखी वाढवले. शेवटी झुबका धरून हलवला, तर तो अलगद हातात आला. खाली मुळे तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास. गरम, ओल्या मातीत मुळे कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, आणि ते कुजणे वरून तहानेसारखेच दिसते.

म्हणून आळे करूच नये. उलट खडी आणि भरड वाळू मिसळून वीतभर उंचवटा करावा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावावे. पाने सूर्योदयाला पाहावीत: ती ताठ असतील तर दुपारचे मलूलपण हा केवळ उन्हापासूनचा बचाव समजावा. बोटभर खोल माती कोरडी असून पाने सकाळीही लवलेली असतील, तरच पाणी द्यावे, तेही बुंध्यापासून दूर; पोंग्यात कधीही ओतू नये. ‘ठिबक लावा आणि विसरा’ हा सल्ला मला साफ अमान्य आहे. खतही देऊ नये. खतावर पोसलेला तुरा वाऱ्यात आडवा होतो.

वसंतात तुरा आपोआप वर येतो.

फुले सुकल्यावर दांडा लगेच कापू नये, बी गळू द्यावे. कापताना हातमोजे घालावेत, कारण सुकलेली लव कातडीत रुतून दिवसभर खाजते. सलग दोन वर्षे पेरणी केली, तर पुढे दरवर्षी एखादे तरी झाड फुलावर असते.