लिहू नका, आधी बोला: कारखानदाराने लिंक्डइन पोस्ट कशी करावी

भोसरी-चाकणच्या कारखानदारांसोबत बसून मी त्यांच्या लिंक्डइन पोस्ट तयार करते. "रोज टाका, सकाळी नऊलाच टाका, दहा हॅशटॅग लावा" असले सल्ले प्रत्येकाने ऐकलेले असतात. मजकुरात मालकच दिसत नसेल, तर वेळ साधून काही उपयोग नाही.

कंपनीच्या पेजपेक्षा स्वतःच्या प्रोफाइलवर लिहा. विषय म्हणून गेल्या पंधरा दिवसांत घ्यावा लागलेला एखादा निर्णय निवडा. सणांच्या शुभेच्छांची चित्रं बंद करा.

खरी अडचण पुढेच आहे. तो विषय कागदावर आणायचा कसा? इथे मी दोन वर्षं चुकत होते. मालकांना प्रश्नावली पाठवायचे आणि उत्तर यायचं, "गुणवत्ता हेच आमचं ध्येय." एकदा अशाच एका साहेबांबरोबर शॉप फ्लोअरवर उभी होते. त्यांनी जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, हातात घेतला आणि आपणहून सांगायला लागले, "हा बोअर, आतलं भोक, बघा. सकाळचे पहिले बारा जॉब रोज साइझबाहेर जायचे, अकरा वाजल्यानंतर सगळं बरोबर. ऑपरेटर बदलला, इन्सर्ट, म्हणजे कापायची पाती, बदलले, फरक नाही. शेवटी कळलं, स्पिंडल, मशीनचा फिरणारा दांडा, गार असतो तेव्हा माप वेगळं येतं. आता अर्धा तास मशीन नुसतं फिरवतो, मगच जॉब लावतो." पोस्ट तयार होती, फक्त उतरवून घ्यायची होती.

म्हणून लिहायला बसूच नका. फोनचा रेकॉर्डर लावा आणि मशीनशेजारी उभं राहून नव्या सुपरवायझरला समजावताय असं बोला. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, आवाज नसतो, तो दिवस उत्तम. काय बिघडलं, आधी काय करून पाहिलं आणि ते का फसलं, शेवटी काय ठरवलं, एवढंच सांगा. फसलेला भाग गाळू नका. बहुतेक मालक तोच गाळतात, आणि वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो नेमका त्याच भागावर.

रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवा. मग फक्त कापा, सजवू नका. 'इन्सर्ट', 'बोअर', 'रिजेक्शन' हे शब्द राहू द्या. ज्या पर्चेस मॅनेजरपर्यंत तुम्हाला पोचायचंय, त्याला ते कळतात. चॅटजीपीटीकडून शुद्धलेखन तपासून घ्यायला माझी हरकत नाही. पण त्याला "छान करून दे" म्हणालात, की सकाळचे बारा जॉब जातात आणि 'उत्कृष्टतेचा प्रवास' उरतो. असली पोस्ट मी परत पाठवते.

लिंक्डइनच्या एका पोस्टमध्ये ३००० अक्षरं मावतात, पण फीडमध्ये सुरुवातीच्या मोजक्याच ओळी दिसतात. "कळवण्यास आनंद होतो की" यात त्या घालवू नका. "सकाळचे पहिले बारा जॉब रोज रिजेक्ट व्हायचे" इथूनच सुरू करा.

फोटोच्या बाबतीत मात्र कळकळीने सांगते. मी टाकलेल्या एका फोटोत मागच्या टेबलावर ग्राहकाचं ड्रॉइंग पसरलेलं होतं आणि पार्ट नंबर वाचता येत होता. तासाभरात ग्राहकाचा फोन आला. पोस्ट काढली, तरी मालकांना लेखी माफी मागावी लागली. त्यांनी वीस वर्षं सांभाळलेलं नातं होतं ते. तेव्हापासून मी प्रत्येक फोटो मोठा करून चारही कोपरे तपासते: ड्रॉइंग, फळ्यावरचे आकडे, डिस्पॅचच्या खोक्यांवरची लेबलं, गॉगल न घातलेला ऑपरेटर. ग्राहकाचं नाव लेखी परवानगीशिवाय नाही. कामगाराचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय नाही.

टाकण्याआधी सुपरवायझरला वाचून दाखवा. "साहेब, असं नव्हतं झालं" म्हणाला तर दुरुस्त करा.

कमेंटना उत्तरं स्वतः द्या, एजन्सीच्या मुलावर सोडू नका. त्या बोअरच्या पोस्टखाली कोणीतरी विचारलं होतं, "वॉर्म-अप किती आरपीएमवर करता?" साहेबांनी रात्री जेवण झाल्यावर सविस्तर उत्तर लिहिलं, आणि पुढच्या गुरुवारी आम्ही त्याच प्रश्नावर रेकॉर्डर लावला.