बायोपोर्टल एपीआय: शोधात क्लास सापडतो, पण मागितला की ४०४ (माझा अनुभव)

लक्षण असं. बायोपोर्टलच्या (जैववैद्यकीय संज्ञासंग्रहांचं ऑनलाइन भांडार) एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅममधून माहिती मागायच्या सोयीवर, ‘मेलानोमा’ शोधलं की एनसीआय थिसॉरस या कर्करोगविषयक संज्ञासंग्रहातला सी३२२४ हा क्लास (एका संकल्पनेची नोंद) लगेच मिळतो, पूर्ण आयआरआयसकट (वेबपत्त्यासारखी दिसणारी त्याची ओळख). तोच आयआरआय उचलून क्लासेसच्या पत्त्याला जोडला की मात्र ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. एपीआय की बदलून पाहिली, हेडरमधून पाठवून पाहिली, फरक शून्य. (की चुकली असती तर ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, आला असता.) डोकं पार भंजाळलं.

गोम त्या आयआरआयमधल्या ‘#’ मध्ये आहे. पत्त्यात # च्या पुढचं काही सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे सी३२२४ वाटेतच गळतो. शिवाय आतल्या ‘/’ मुळे पत्त्याचे भलतेच तुकडे पडतात.

जे चाललं, ते याच क्रमाने: शोधाच्या उत्तरातला ‘@आयडी’ जसाच्या तसा घ्या. तो पायथॉनच्या ‘क्वोट’ फंक्शनला द्या (ते #, / अशी चिन्हं %-कोडमध्ये बदलतं, हेच एन्कोडिंग) आणि ‘सेफ’ ला, म्हणजे न बदलायच्या चिन्हांच्या यादीला, रिकामी स्ट्रिंग द्या. हे विसरलं तर क्वोट ‘/’ ला हातच लावत नाही, आणि ४०४ कायम राहतो. मग तयार झालेली स्ट्रिंग ‘क्लासेस/’ च्या पुढे जोडा. पाठवण्याआधी पत्ता छापून बघा: # च्या जागी %२३ हवं. %२५२३ दिसलं तर एन्कोडिंग दोनदा होतंय, एक काढा.

त्याहून सोपं म्हणजे, शोधाच्या प्रत्येक निकालात ‘लिंक्स’ खाली ‘सेल्फ’ असतो. तो आधीच एन्कोड केलेला असतो, थेट वापरा. ‘चिल्ड्रन’ आणि ‘अ‍ॅन्सेस्टर्स’ च्या लिंकाही तिथेच मिळतात.