पहिल्यांदाच पूर्ण महिन्याचे रोजे धरताना

तयारी शाबानमध्येच, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यातच सुरू करा. गेल्या वर्षीचे रोजे राहिले असतील तर त्यांची कजा, म्हणजे राहिलेले रोजे भरून काढणं, आधी उरका. दिवसाला चार कप चहा लागत असेल तर दोनावर आणा. पहिल्या दोन-तीन रोज्यांत डोकं ठणकतं ते बऱ्याचदा भुकेनं नाही, चहा तुटल्यानं.

वेळापत्रक आपल्याच गावच्या मशिदीतून घ्या. नागपुरात सूर्य मुंबईच्या साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. मुंबईची वेळ बघून तिथे सहरी (उजाडण्याआधीचं जेवण) केलीत तर रोजाच होणार नाही.

सहरी मात्र चुकवू नका. रात्री दोनला बिर्याणी खाऊन सरळ झोपणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही. सहरीत बरकत आहे असं पैगंबरांनी सांगितलंय आणि ती शेवटच्या वेळेकडे करणं सुन्नत, म्हणजे त्यांची रीत आहे. तासभर आधी उठा. भाकरी, दही, उकडलेलं अंडं, एखादं केळं एवढं पुरतं. लोणचं, पापड नको, दुपारी घसा कोरडा पडतो. पाणी शेवटच्या क्षणी तांब्याभर रिचवण्यापेक्षा इफ्तारपासून थोडं थोडं पीत राहा. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी हात धुवा, नियत (रोज्याचा संकल्प) करा.

दिवसा विसरून घोटभर पाणी प्यायलात तर घाबरू नका, रोजा तुटत नाही. आठवताच थांबा. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सवलत आहे, ती घ्यायला संकोच नको. पाळीत रोजा धरत नाहीत, नंतर कजा करतात. मधुमेह असेल तर रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा बदलून घ्या. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही. ती 70 च्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडा.

इफ्तारला आमची अम्मी प्रत्येक खजूर उकलून, आत कीड नाही ना हे पाहून मगच ताटलीत ठेवते. मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजाची) अजान झाली की खजूर, पाणी, थोडं फळ आणि आधी नमाज. भजी नंतर, तीही दोन-चारच. पोट तडस लागेपर्यंत भरलं तर तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या लांब नमाजाला, उभं राहवत नाही.

फित्रा, म्हणजे ईदनिमित्त गरिबांना द्यायचं दान, ईदच्या नमाजाआधी पोचायलाच हवा, पण तिसाव्या रोज्याची वाट पाहू नका. 2025 मध्ये आपल्याकडे 29 रोज्यांनंतरच चांद दिसला. सत्ताविसाव्यापर्यंत देऊन टाका, म्हणजे घेणाऱ्यालाही दूध-शेवया आणायला सवड मिळेल.