परराष्ट्र धोरणाच्या कागदपत्रांचा डेटाबेस: या चुका टाळा, निदान तारखेची तरी

दर काही महिन्यांनी कोणीतरी उत्साहाने विचारतं, "स्कॅन तयार आहेत, सर्च कुठला लावू?" मी विचारतो, "नोंदी किती झाल्या?" मग पलीकडे शांतता. करार, तारा, खलिते, राजदूतांची टिपणं, संसदेतली निवेदनं असा सगळा ढीग पीडीएफ करून चढवायचा, वर एक शोधखिडकी बसवायची आणि पंधरा दिवसांत साइट उघडायची, हा बेत मी इतक्यांदा ऐकलाय की आता वादही घालत नाही. सोळाव्या दिवशी फोन येतोच.

तारखेचा एकच रकाना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून आधी हीच चूक.

एका संस्थेच्या संग्रहावर काम करत होतो. जुनी यादी एक्सेलमध्ये होती आणि तारखा 03/04/1956 अशा लिहिलेल्या, म्हणजे 3 एप्रिल. नव्या डेटाबेसात त्या भरताना आमच्यातल्या एका घाईच्या गड्याने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली, तारखा वाचून देणारी डेटयूटिल नावाची तयार लायब्ररी लावली. ती काही सांगितलं नाही तर आधी महिना, मग दिवस असं वाचते. 25/04 समोर आलं की पंचविसावा महिना नसतो हे तिला कळतं आणि ती गुपचूप उलटं वाचून मोकळी होते. एकही एरर नाही. परिणाम असा, की 13 ते 31 तारखांचे कागद बरोबर आणि 1 ते 12 तारखांचे, दिवस-महिना एकच असलेले सोडून, सगळे उलटे. तपासायला आम्ही चार नोंदी उघडल्या. चारही बरोबर निघाल्या. खूश होऊन साइट सुरू केली.

काही महिन्यांनी एका अभ्यासक बाईंचं पत्र आलं: हे राजदूत रुजू व्हायच्या आधीच खलित्याला उत्तर कसे देतात? आम्ही आधी हसलो. मग महिनावार यादी काढली आणि हसू गेलं. मूळ यादीतला मजकूर आम्ही त्याच रकान्यात नव्या तारखेने पुसून टाकला होता. एक्सेलची जुनी प्रत कुणाकडे सापडेना. शेवटी 12 तारखेपर्यंतचा प्रत्येक स्कॅन उघडून कागदावरची तारीख डोळ्यांनी वाचली. अख्खा उन्हाळा त्यात गेला.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. पहिला रकाना 'कागदावर आहे तशी'. त्याला नंतर कुणी हात लावायचा नाही, अगदी मीसुद्धा. दुसरा आणि तिसरा 'पासून' आणि 'पर्यंत', दोन्ही आयएसओ 8601 प्रमाणे वर्ष-महिना-दिवस. चौथ्यात ही तारीख कागदावर छापलेली, शिक्क्यावरची की आपण अंदाजाने लावलेली, ते. कागदावर नुसतं 'मार्च 1956' असेल तर 1 मार्च लिहून टाकणाऱ्यांशी मी भांडतो. तो कागद 1 मार्चचा नाही, मार्चमधला कधीचा तरी आहे.

शिवाय 'तारीख' म्हणजे नेमकी कुठली? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या 26 जून 1945 ला आणि ती अंमलात आली 24 ऑक्टोबरला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत आणि वाचक दोन्हींनी शोधणार आहे. सिमला करारावर 2 जुलै 1972 आहे, प्रत्यक्ष सह्या झाल्या तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. रशियाने 1918 मध्ये दिनदर्शिका बदलली, तिथे 31 जानेवारीनंतरचा दिवस थेट 14 फेब्रुवारी उजाडला. त्याआधीच्या रशियन कागदांवर पुष्कळदा तिरप्या रेघेने दोन तारखा दिसतात. त्यातली एक 'चुकून पडलेली' समजून खोडणारा महाभाग मी पाहिलाय. तारांच्या बाबतीत पाठवल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ वेगवेगळ्या नोंदवा, नाहीतर दोन खंडांतल्या दोन शहरांमध्ये उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून पोचलेला दिसेल.

'डुप्लिकेट' काढून टाकणं

हा दुसरा रोग, आणि तो सफाईची आवड असलेल्यांना हमखास होतो. दोन मजकूर जवळपास सारखे आहेत असं प्रोग्रॅमने सांगितलं की एक ठेवायचा, एक उडवायचा.

झिमरमान तार घ्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानने मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध युतीसाठी पाठवलेली गुप्त तार. 16 जानेवारी 1917 ला ती बर्लिनहून वॉशिंग्टनच्या जर्मन राजदूताकडे निघाली आणि तिथून 19 तारखेला मेक्सिकोला गेली. मजकूर तोच. तारीख, मथळा आणि सांकेतिक लिपी मात्र निराळी. ब्रिटिशांनी मुद्दाम मेक्सिकोतली प्रत मिळवली. गळती मेक्सिकोत झाली असं जर्मनांना वाटावं आणि बर्लिनच्या तारा फोडल्या जातात हे झाकलेलं राहावं, म्हणून. म्हणजे सगळी हकीकत त्या दोन प्रतींमधल्या फरकात आहे, आणि तुमचा सफाईचा प्रोग्रॅम नेमका तोच फरक कचऱ्यात टाकणार.

छापील संग्रहांचंही तेच. अमेरिकेची 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही मालिका 1861 पासून चालू आहे. तिचा 1952 ते 1954 मधल्या इराणवरचा खंड 1989 मध्ये निघाला, त्यात 1953 च्या सत्तापालटातला सीआयएचा हात गाळलेला होता. ओरड झाली, 1991 मध्ये मालिकेसाठी कायदा झाला आणि त्या विषयाचा नवा खंड निघायला 2017 उजाडलं. 'एकाच विषयाचे दोन खंड कशाला, नवा ठेवू' म्हणालात तर काय लपवलं होतं हे वाचकाला कधीच कळणार नाही. मी प्रती जोडतो, मिटवत नाही: मसुदा, पाठवलेली प्रत, पोचलेली प्रत, छापलेली प्रत, प्रत्येकीची नोंद वेगळी आणि एकमेकींकडे दुवा. समासातला हस्ताक्षरातला शेरासुद्धा स्वतंत्र मजकूर म्हणून उतरवतो. ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो दिसत नाही, आणि मंत्र्याचं खरं मत बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ओसीआरवर श्रद्धा

पातळ कागदावरच्या तिसऱ्या कार्बन कॉपीचं ओसीआर म्हणजे अंदाज, मजकूर नव्हे. इंग्रजीतल्या 'नॉट'चं 'नाऊ' झालं की नकाराचा होकार होतो. 300 डीपीआयच्या (इंचाला 300 ठिपक्यांच्या) खाली स्कॅन करू नका, ओसीआरचा मजकूर आणि माणसाने तपासलेला मजकूर वेगळे ठेवा आणि कुठला तपासलाय हे वाचकाला दिसू द्या. हिंदी-मराठी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर कॉपी केल्यावर निव्वळ जंजाळ हाती येतं. तिथे मी पानाचं चित्र करून सरळ नव्याने ओसीआर करतो. हल्ली 'एआयकडून सुधारून घेऊ' हा नवा आडमार्ग निघालाय. तो वाचता न आलेल्या जागी सुबक वाक्य भरतो. मला त्यापेक्षा प्रामाणिक गचाळपणा परवडतो.

बाकीच्या, थोडक्यात

नावं मजकुरात बदलू नका. जुन्या कागदांत चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय आणि पेकिंग आहे, आजचा वाचक झोऊ एनलाय आणि बीजिंग टाइप करतो. सिलोन 1972 मध्ये श्रीलंका झालं. पर्यायी नावांचा वेगळा तक्ता करा आणि शोध त्यातून जाऊ द्या.

शोधयंत्राचा इंग्रजीसाठीचा तयार विश्लेषक (मजकुराचे शोधता येतील असे शब्द पाडणारा भाग) डोळे झाकून लावू नका. तो 'नो' आणि 'नॉट' फालतू शब्द म्हणून गाळतो. एस/आरईएस/242 (संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 242 वा ठराव) सारख्या दस्तऐवज-खुणेचेही तुकडे करतो, म्हणून क्रमांकांना न तोडता शोधायचा रकाना वेगळा ठेवा.

भाषांतराला मूळ मजकूर म्हणून चढवू नका. याच 242 व्या ठरावात 'व्याप्त प्रदेशांतून' इस्रायलच्या माघारीच्या शब्दांवर इंग्रजी आणि फ्रेंच प्रतींवरून 1967 पासून वाद चालू आहे.

गोपनीय ओळींवर काळी पट्टी काढली म्हणजे खालचा मजकूर गेला असं नाही. कॉपी करून बघा.

दर सोमवारी मी शून्य निकाल आलेल्या शोधांची यादी वाचतो. डेटाबेस कुठे बिघडलाय ते तिच्याइतकं मला कोणीच सांगत नाही.

आणि पत्ते. दस्तऐवजाच्या वेबपत्त्यात डेटाबेसातल्या ओळीचा क्रमांक घालू नका. वर सांगितलेली अमेरिकी मालिका खंडाचा संकेत आणि त्यातला दस्तऐवज क्रमांक वापरते, म्हणून तिथलं सॉफ्टवेअर बदललं तरी पत्ता तोच राहू शकतो. आम्ही पहिल्या साइटवर ओळीचा क्रमांक वापरला होता. सॉफ्टवेअर बदललं, नवे क्रमांक पडले आणि जुने दुवे भलत्याच कागदांवर उघडू लागले. त्या पत्र लिहिणाऱ्या बाईंचा प्रबंध तोवर बांधून सादर झाला होता, आणि त्यातल्या तळटीपा आमच्या जुन्या पत्त्यांच्या होत्या.