जुन्या एलपी रेकॉर्ड कशा निवडाव्यात आणि त्यांना किती पैसे मोजावेत

मुंबईच्या काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले, तेव्हा शहरातला रेकॉर्डचा व्यवहारही त्यासोबत संपल्यातच जमा आहे, असे अनेकांना वाटले होते. आज माहीमच्या रेव्हॉल्व्हर क्लबसारखी स्वतंत्र दुकाने, भेंडी बाजारालगतच्या मटण स्ट्रीटवरची चोर बाजारातली अरुंद दुकाने, फोर्टमधले पदपथावरचे विक्रेते आणि पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार या सर्व ठिकाणी रेकॉर्ड चाळणारी माणसे दिसतात, आणि त्यांत विशीतले चेहरेही पुष्कळ असतात. मागणी वाढली तशा किमतीही वाढल्या. घर रिकामे करताना जो गठ्ठा एके काळी रद्दीवाल्याकडे जात असे, तोच आता एकेक करून शेकडो रुपयांना विकला जातो.

नवा खरेदीदार बहुतेक वेळा चित्रपटाच्या किंवा गायकाच्या नावाला पैसे देतो. जुन्या रेकॉर्डची किंमत ठरवताना मात्र आधी तिचा पृष्ठभाग, मग तिची आवृत्ती आणि त्यानंतर नाव, हा क्रम लावावा. पुढे दिलेली पद्धत याच क्रमाने जाते.

दुकानात जाण्यापूर्वी

आपल्या घरच्या यंत्रावर काय वाजते, हे सर्वांत आधी पाहावे. जुन्या साठ्यात तीन प्रकार एकत्र पडलेले असतात. लाखेची ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड जड आणि ठिसूळ असते, साधारण १० इंचांची असते आणि तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावतात. १२ इंचांची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते व एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजते. ७ इंचांची ईपी बहुधा ४५ फेऱ्यांची असते, पण १९८० च्या दशकात आपल्याकडे ‘सुपर ७’ नावाने निघालेल्या लहान रेकॉर्ड ३३ फेऱ्यांच्या आहेत, हे लक्षात ठेवावे. आज विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टर्नटेबलवर ७८ चा वेग नसतो. तो असला तरी एलपीची बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाला घासते, आवाज खरखरीत येतो आणि सुईही झिजते. त्यासाठी जवळजवळ तिप्पट जाडीच्या टोकाची वेगळी सुई घ्यावी लागते. ही तयारी नसेल तर बालगंधर्वांची रेकॉर्ड कितीही खुणावत असली तरी ती तूर्त दुकानातच राहू द्यावी.

दुसरी तयारी यादीची. हव्या असलेल्या आठ-दहा रेकॉर्डचे अनुक्रमांक डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर शोधून त्या पूर्वी कितीला विकल्या गेल्या, याची नोंद करून ठेवावी. तिथले आकडे बहुतांशी परदेशी ग्राहकांनी डॉलर-युरोत मोजलेले असतात. त्यामुळे ते कमाल मर्यादा म्हणून वापरावेत आणि दुकानदाराने तोच आकडा रुपयांत रूपांतरित करून सांगितला तर निःसंकोच नकार द्यावा.

चोर बाजारात जायचे असल्यास वार पाहून जावे. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची नेहमीची दुकाने बंद असतात आणि सकाळी रस्त्यावर जुन्या वस्तूंचा वेगळाच बाजार भरतो. त्या गर्दीत रेकॉर्ड स्वस्त मिळू शकते, पण ती नीट तपासून घेण्याइतकी उसंत आणि उजेड मिळेलच असे नाही.

कव्हर, लेबल आणि आतली रेकॉर्ड जुळवून पाहणे

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून भीमसेन जोशींची एलपी घेतली. कव्हर इतके स्वच्छ होते की आत डोकवावे असेही मला वाटले नाही. घरी येऊन सुई टेकवली, तर एका जादूच्या नाटकाचे लहान मुलांसाठीचे संवाद सुरू झाले. तेव्हापासून कव्हरवरचा क्रमांक, रेकॉर्डच्या मधल्या गोल लेबलावरचा क्रमांक आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला बारीक क्रमांक, असे तिन्ही वाचल्याशिवाय मी पैशांच्या पाकिटाला हात लावत नाही.

या क्रमांकांमध्ये बरीच माहिती दडलेली असते. आपल्याकडच्या जुन्या एलपींपैकी मोठा वाटा ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एचएमव्हीचा आहे आणि त्या कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात तयार झाल्या. एचएमव्हीच्या क्रमांकाआधी ‘ईसीएलपी’ किंवा ‘ईएएलपी’ ही अक्षरे असतील तर ती रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच आवाज येतो, आणि ‘ईसीएसडी’ किंवा ‘ईएएसडी’ असतील तर स्टिरिओ, म्हणजे दोन्हींतून वेगवेगळा. एवढ्यावरून स्टिरिओ चांगली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मूळ मोनो ध्वनिमुद्रण नंतर कृत्रिमरीत्या दोन बाजूंना पसरवून अनेक एलपी पुन्हा काढल्या गेल्या. त्यांच्या कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रिप्रोसेस्ड स्टिरिओ’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. माझ्या कानांना त्यांतला आवाज पोकळ वाटतो, आणि जुन्या गाण्यांची मोनो आवृत्ती मिळत असेल तर मी तीच घेतो. अशी कृत्रिम स्टिरिओ प्रत मूळ मोनोपेक्षा महाग सांगितली जात असेल, तर तो फरक देण्याचे कारण नाही.

उजेडात धरून तपासणे

सर्वांत अधिक वेळ इथे द्यावा. दुकानदाराची परवानगी घेऊन रेकॉर्ड आतल्या पिशवीसकट बाहेर काढावी, कडा तळहातांवर तोलून खाचांना बोट न लावता ती धरावी आणि दाराशी जाऊन किंवा मोबाइलचा दिवा तिरपा पाडून हळूहळू फिरवावी. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात खराब रेकॉर्डही चकाकते. तिरप्या उजेडात मात्र प्रत्येक चरा उठून दिसतो.

चऱ्यांमध्येही प्रकार आहेत. कागदी पिशवीतून शेकडो वेळा आत-बाहेर केल्याने पडलेल्या केसासारख्या रेषा बहुधा ऐकू येत नाहीत. नखाचे टोक हलकेच आडवे नेल्यावर जो चरा जाणवतो, तो मात्र ऐकू येणारच. खाचांना आडवा छेदून गेलेला एक खोल चरा ३३⅓ च्या वेगाला दर १.८ सेकंदांनी एकदा ‘टक्’ असा आवाज देतो, आणि तो पाव इंच रुंदीभर पसरला असेल तर पुढची दीड-दोन मिनिटे विलंबित ख्याल ऐकताना तालाशी न जुळणारी आणखी एक टिचकी ऐकत बसावे लागते. खाचेच्या दिशेने गेलेला चरा दिसायला सौम्य असला तरी अधिक घातक, कारण तिथे सुई अडकून तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहते किंवा पुढे उडी मारते.

चरे नसलेली रेकॉर्डही झिजलेली असू शकते, आणि हे ओळखणे नवख्याला सर्वांत अवघड जाते. पूर्वीच्या रेडिओग्राममधले, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्डचे यंत्र एकत्र असलेल्या पेटीतले, सुईचे दांडे जड होते. आजचे बरे टर्नटेबल दीड-दोन ग्रॅम भार टाकते, तर त्यांचा भार कित्येक पटींनी जास्त असे, आणि त्यात सुई वर्षानुवर्षे बदललेली नसे. अशा यंत्रावर वाजलेल्या रेकॉर्डचा काळा रंग उजेडात राखाडी, मंद दिसतो, विशेषतः लेबलाजवळच्या शेवटच्या गाण्याच्या पट्ट्यात. धुऊन धूळ निघेल, बुरशीचे पांढरे ठिपकेही बऱ्याच अंशी निघतील, पण ही झीज निघत नाही. यासाठी आणखी एक खूण पाहावी. मधल्या छिद्राभोवती, लेबलाच्या कागदावर, बारीक चमकदार ओरखडे दिसतात; रेकॉर्ड यंत्रावर ठेवताना छिद्र नेमके न सापडल्याने ते उमटतात. दोन-चार असतील तर रेकॉर्ड थोडीच वाजली आहे. छिद्राभोवती जाळेच असेल तर ती कोणाच्या तरी घरी रोज वाजत होती.

शेवटी रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून ती वाकली आहे का, ते पाहावे. गठ्ठे आडवे रचून ठेवल्याने आणि उन्हाने हे होते. कडेला किंचित लाट असेल तर चालते. बशीसारखा आकार आला असेल तर सोडून द्यावी. इस्त्रीने किंवा दोन काचांमध्ये दाबून ती सरळ करण्याचे सल्ले मिळतात, पण ते प्रयोग फुकट मिळालेल्या रेकॉर्डवरच करावेत.

लावून ऐकणे

चांगल्या दुकानात ऐकण्यासाठी टर्नटेबल असते. “काका, शेवटचं गाणं जरा लावता का?” असे विचारण्यात संकोच नसावा. शेवटचेच, कारण आतल्या खाचांत विकृती आधी येते: ‘स’, ‘श’ हे उच्चार फाटल्यासारखे येतात आणि तार सप्तकातला सूर थरथरतो. पहिल्या गाण्यावरून रेकॉर्ड पारखणे म्हणजे वरच्या थरावरून आंब्याची पेटी घेणे होय.

किंमत कशी बसते

जगभरचे विक्रेते ‘गोल्डमाइन’ या अमेरिकी नियतकालिकामुळे रूढ झालेली प्रतवारी वापरतात. त्यातली ‘निअर मिंट’ म्हणजे जवळपास नव्यासारखी. तिची किंमत शंभर धरली, तर ‘व्हेरी गुड प्लस’ प्रतीला साधारण पन्नास, ‘व्हेरी गुड’ला पंचवीस आणि ‘गुड’ला दहा-पंधरा असे गणित असते. नावांनी फसू नये. ‘गुड’ या प्रतीची रेकॉर्ड चांगली नसते, ती केवळ खरखरत का होईना शेवटपर्यंत वाजते. आपल्याकडचे विक्रेते प्रत सैल हाताने सांगतात, म्हणून मी त्यांनी सांगितलेल्या प्रतीतून एक पायरी मनातल्या मनात कमी करतो.

अलीकडे मुंबई-पुण्यात मला दिसलेले भाव साधारण असे आहेत. पदपथावरच्या न निवडलेल्या ढिगातली एलपी शंभर ते तीनशे रुपयांना मिळते. दुकानात धुऊन, तपासून ठेवलेली सर्वसाधारण हिंदी चित्रपटाची एलपी पाचशे ते बाराशेपर्यंत जाते. शास्त्रीय संगीत आणि मराठी भावगीते, अभंग व नाट्यगीते यांना परदेशी मागणी कमी असल्यामुळे त्या बहुधा तीनशे ते आठशेत मिळतात, आणि माझ्या मते आज मोजलेल्या पैशांचा सर्वाधिक मोबदला तिथेच आहे. याउलट राहुलदेव बर्मन यांच्या १९७० च्या दशकातल्या काही चित्रपटांच्या एलपी परदेशांतले डीजे आणि संग्राहक शोधत असतात, त्यामुळे चांगल्या प्रतीला दोन हजारांपासून पाच हजार आणि त्याहूनही अधिक सांगितले जातात.

नव्याने छापलेल्या परदेशी एलपीचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेत ती बहुधा २५ ते ३५ डॉलरना विकली जाते. ३० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये धरले तर वाहतूक आणि कर जोडण्याआधीच २,५५० रुपये होतात. म्हणून लहान दुकानात ती अडीच ते साडेचार हजारांना दिसली तर दुकानदार लुटतो आहे, असे समजू नये. ‘१८० ग्रॅम’ या ठळक अक्षरांसाठी मात्र वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही. जाड रेकॉर्ड हाताला भारदस्त लागते, पण आवाज मूळ ध्वनिमुद्रण आणि छपाई यांवर ठरतो.

पदपथापेक्षा दुकानातली रेकॉर्ड महाग असण्यात गैर काही नाही. दुकानदाराने पन्नासांच्या गठ्ठ्यातून पंधरा निवडलेल्या असतात, त्या धुतलेल्या असतात, आणि उरलेल्या पस्तिसांचे पैसे व जागेचे भाडे त्याला या पंधरांतूनच काढायचे असते. सदोष निघाल्यास बदलून मिळेल का, हे मात्र आधीच विचारून घ्यावे. मिळणार असेल तर शे-दोनशे रुपये जास्त देणे परवडते.

घासाघीस आणि त्यानंतर

एका रेकॉर्डवर घासाघीस करून फार काही सुटत नाही. चार-पाच एकत्र काढून “सगळ्यांचे मिळून किती?” असे विचारले की आकडा लवकर खाली येतो. दोष बोट ठेवून दाखवावेत, पण हव्या असलेल्या मालाला उगाच नावे ठेवू नयेत; पुढच्या वेळी आलेला चांगला गठ्ठा आधी आपल्याला दाखवायचा की नाही, हे दुकानदारच ठरवणार असतो.

परतताना पिशवी उभीच धरावी आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती सोडू नये. तासाभरातही रेकॉर्ड वाकू शकते. घरी आल्यावर शुद्ध पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसावे, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लेबल कोरडे ठेवावे. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव लावू नये, लाख त्यात विरघळते. जुनी कागदी पिशवी बदलून नवी घालावी, आणि तिच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने दुकान, तारीख आणि दिलेली किंमत लिहावी. माझ्याकडच्या अशा नोंदी आता दीडशेच्या वर गेल्या आहेत, आणि दुकानात कोणी “याचा भाव हाच आहे” म्हणाले की मी त्याच चाळून पाहतो.