इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत छायाचित्रे काढताना या चुका टाळा

गेली अनेक वर्षे मी रेडिंगमध्ये राहतो आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन आसपासच्या परगण्यांत भटकतो. भारतातून येणारे नातेवाईक आणि इथे नव्याने आलेले मराठी मित्र बरोबर येतात, आणि दर वर्षी त्यांच्या हातून त्याच त्या चुका होताना मी पाहतो. कॅमेरा कमी प्रतीचा असल्यामुळे वाया गेलेली छायाचित्रे मी फारच थोडी पाहिली आहेत. बाकी सगळी घाईमुळे वाया गेली. एका दिवसात स्टोनहेंज, लॅकॉक, कासल कूम आणि बायबरी अशी यादी घेऊन जो निघतो, त्याला प्रत्येक ठिकाणी भर दुपार मिळते आणि प्रत्येक चित्रात वाहनतळ येतो. माझ्याबरोबर यायचे असेल तर एका दिवसात दोनच ठिकाणे, असे मी आता आधीच सांगून टाकतो.

सूर्योदयाच्या मिनिटाला पोहोचणे आणि धुके पाहून परत फिरणे

ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण ती मी स्वतः केलेली आहे. डॉर्सेटमध्ये पर्बेक टेकड्यांच्या रांगेत एक खिंड आहे आणि त्या खिंडीत एका उंचवट्यावर कॉर्फ कासलचे अवशेष उभे आहेत. इंग्लंडमधील यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्याने वेढा घालून हा किल्ला घेतला आणि १६४६ मध्ये त्याच्या भिंतींखाली दारू ठासून तो उद्ध्वस्त केला. तेव्हा कललेले बुरूज आजही तसेच कललेले आहेत. शरद ऋतूत आभाळ निरभ्र असलेल्या, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर थंड होते, तिच्यालगतची ओलसर हवा गारठून धुके होते आणि ते सखल भागात साचते. अशा पहाटे पश्चिमेकडच्या टेकडीवरून पाहिले, तर खाली धुक्याचे तळे, त्यात मधोमध किल्ला आणि त्याच्या मागून उगवणारा सूर्य असे दृश्य दिसू शकते.

एका ऑक्टोबरात आम्ही चौघे पहाटे चारला रेडिंगहून निघालो आणि पावणेसातच्या आत टेकडीवर पोहोचलो. धुके इतके दाट होते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. साडेसातला सूर्य उगवल्याची वेळ झाली, पण समोर राखाडी पडद्याशिवाय काहीच नव्हते. आठ वाजायच्या सुमारास दोघांनी ट्रायपॉड मिटले. गाडी मी चालवत होतो आणि मलाही चहाची तल्लफ आली होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर खाली उतरलो. आमच्यातले चौथे, नाशिकहून मुलीकडे आलेले एक निवृत्त काका, घडीचे स्टूल उघडून तिथेच बसले. “मी काही दर वर्षी इथे येणार नाही, मग उतरायची घाई कशाला? तुम्ही चहा घेऊन या,” एवढेच ते म्हणाले. दर दहा मिनिटांनी ते भिंगावरचे दव पुसत होते आणि ट्रायपॉडच्या पायांवरून पाणी ओघळत होते.

गावातल्या दुकानात चहाचा पेला हातात असतानाच रस्त्यावर उजेड पडला. आम्ही धावतपळत टेकडी चढलो, पण ओल्या गवतावर पाय घसरत होते आणि वर पोहोचेपर्यंत धुके विरून किल्ला नेहमीसारखा स्वच्छ दिसू लागला होता. काकांच्या कॅमेऱ्यात मात्र सगळे होते. आधी दुधी काचेमागच्या दिव्यासारखे सूर्याचे बिंब, मग बालेकिल्ल्याचे टोक, मग दातांसारख्या दोन भिंती, आणि शेवटी संपूर्ण किल्ला तरंगताना. हा सारा खेळ बारा-पंधरा मिनिटांत आटोपला होता. त्या चित्राची मोठी प्रत त्यांच्या नाशिकच्या घरात लावलेली आहे आणि माझ्याकडे त्या दिवसाचे एकही चित्र नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. सूर्योदयाच्या तासभर आधी जागेवर उभे राहायचे, कारण पहिले रंग सूर्य वर येण्याच्या बऱ्याच आधी दिसतात. आणि कुंपणाच्या खांबाची सावली गवतावर ठसठशीत पडेपर्यंत ट्रायपॉड मिटायचा नाही. धुके दाट असेल तर ते उघडण्याची वाट पाहायची, कारण दाट धुक्याच्या मागे निरभ्र आकाश असण्याची शक्यता पुष्कळ असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात, हे लक्षात ठेवूनच गजर लावावा.

सूर्य कुठून येणार, याचा विचार न करणे

आपल्याकडे सूर्योदयाची जागा वर्षभर फारशी हलत नाही. पुण्यात उगवतीचा सूर्य नेमक्या पूर्वेपासून डावीउजवीकडे पंचवीसेक अंशच सरकतो. दक्षिण इंग्लंडमध्ये हीच सरक चाळीस अंशांच्या आसपास आहे. जूनमध्ये सूर्य पार ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, तर डिसेंबरमध्ये आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून फक्त पंधरासोळा अंश वर असतो. म्हणून जूनमधले एखादे सुंदर चित्र पाहून तुम्ही डिसेंबरमध्ये त्याच जागी उभे राहिलात, तर ती भिंत दिवसभर सावलीत सापडेल. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये छायाचित्रण होत नाही, हा नवशिक्यांचा लाडका समज आहे आणि मला तो मुळीच मान्य नाही. त्या दिवसांत ऊन सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत तिरपेच असते, नांगरटीची प्रत्येक सरी उठून दिसते आणि पहाटे तीनला उठावेही लागत नाही.

इथली जुनी चर्च तर चक्क होकायंत्राचे काम करतात. मध्ययुगीन चर्च साधारणपणे पूर्व-पश्चिम बांधलेले असते. वेदी उगवतीला असते, मनोरा बहुतेक वेळा मावळतीला आणि प्रवेशाची देवडी बऱ्याचदा दक्षिणेला. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर मनोरा असलेले चर्च भरीव चौकोनावर क्रूस अशा खुणेने दाखवतात आणि निमुळते शिखर असलेले चर्च भरीव वर्तुळावर क्रूस अशा खुणेने. तो नकाशा आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पसरून पंधरा मिनिटे पाहिला, तर कोणत्या वेळी कोणत्या भिंतीवर ऊन असेल हे घरबसल्या कळते. फोनवरची अॅप हे काम करतात, पण दरी, झाडी आणि पायवाट एकत्र डोळ्यांसमोर येण्यासाठी मला कागदच लागतो.

ज्यांना एवढेही कष्ट नकोत, ते घरी येऊन संगणकावर आकाश बदलतात. एका तरुण मित्राने मला मोठ्या उत्साहाने एका खेड्यातल्या चर्चचे चित्र दाखवले आणि खाली ‘सांजवेळ’ असे लिहिले होते. समोर मनोरा, त्याच्यामागे लांबवर वेदीच्या बाजूचे छप्पर आणि त्या छपरामागे केशरी सूर्यास्त. म्हणजे त्याच्या चित्रात सूर्य पूर्वेला मावळत होता. शिवाय थडग्यांच्या सावल्या चर्चच्या दिशेने, म्हणजे त्याच सूर्याकडे पडलेल्या होत्या. मी त्याला हे दाखवले तेव्हा तो म्हणाला की एवढे कोण बघतो. मी बघतो, आणि त्या गावात राहणारा प्रत्येक माणूस बघतो. ज्या वास्तूने काही शतके त्याच जागी उभे राहून ऊन झेलले, तिच्यावर खोटे ऊन टाकणे मला अनादराचे वाटते. आकाश कोरे पांढरे असेल तर ते चौकटीतून वगळावे, आणि देवडीचे कोरीवकाम, दारावरची लोखंडी पट्टी, दगडांवरचे शेवाळे टिपावे. ढगाळ दिवसाचा सौम्य उजेड त्यासाठीच उत्तम असतो.

लॅकॉकला गेलात तर तिथल्या मठाच्या दक्षिणेकडच्या सज्जातील खिडकी अवश्य पाहा. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने ऑगस्ट १८३५ मध्ये टिपलेली तिची निगेटिव्ह आजही जतन केलेली आहे आणि ती जगातील सर्वांत जुनी टिकून राहिलेली कॅमेरा निगेटिव्ह मानली जाते. ती टपाल तिकिटापेक्षा फारशी मोठी नाही. खिडकीच्या काचेचे सुमारे दोनशे चौकोन सुरुवातीला भिंगातून मोजता येत होते, अशी नोंद टॅल्बटने स्वतः करून ठेवली आहे. तिथे पाच मिनिटांत दहा फोटो काढून पुढच्या गावाला पळणारे पाहिले की मला वाईट वाटते.

मागे कललेले मनोरे

मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर केला की मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो. मागे जा, कॅमेरा सपाट धरा आणि खाली जास्तीचे गवत आले तर ते नंतर कापा. संगणकावर सरळ करायचे असेल तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा, नाहीतर भिंतच कापली जाते.

रंगांची नासाडी

कॉट्सवोल्ड भागातील चुनखडीच्या दगडाला लोहामुळे मधासारखा रंग येतो. संध्याकाळी तो आणखी खुलतो, आणि कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेनुसार रंग जुळवणारी सोय, नेमका तोच रंग धुऊन टाकतो. मी तो वर्षभर ‘डेलाइट’वर ठेवतो. गवताचा हिरवा रंग वाढवू नका, इंग्लंडमध्ये तो मुळातच भरपूर असतो. पाऊस पडून गेल्यावर भिंगावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावा, ओल्या पानांवरची आणि छपरांवरची चकाकी जाऊन खरा रंग दिसतो.

लोकांच्या दारात आणि शेतात

बायबरीची आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ १३८० च्या सुमारास लोकर साठवण्यासाठी बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. तिथे आजही माणसे राहतात. त्यांच्या खिडकीला कॅमेरा लावणे किंवा उंबऱ्यावर बसून फोटो काढून घेणे, हे आपल्या वाड्यात कुणी केले तर आपण काय म्हणू, याचा विचार करावा. पहाटे लवकर जा, हळू बोला आणि कोल्न नदीच्या पलीकडून चित्र घ्या, तेच अधिक चांगले येते.

पिवळा बाण सार्वजनिक पायवाटेचा आणि निळा बाण घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेचा. बाण सोडून पिकात शिरू नये. फाटक जसे मिळाले तसेच ठेवावे. शेतांच्या दगडी भिंती आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या असतात, चुना-सिमेंट न घालता नुसत्या दगडांवर दगड रचलेल्या, त्यामुळे त्यांवर चढले की त्या ढासळतात. वासरे बरोबर असलेल्या गाईंच्या कळपातून जाऊ नये, लांबून वळसा घालावा. एप्रिलच्या अखेरीस रानात निळ्या ब्लूबेलचा गालिचा पसरतो, त्यात पाय ठेवला की ती झाडे सावरायला वर्षे लागतात. नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेच्या जमिनीवरून परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. तो कितीही लहान असला तरी विचारल्याशिवाय पिशवीतून काढू नका.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

जुनी चित्रे पाहून बेत आखू नका. उत्तर इंग्लंडमधील रोमनकालीन हेड्रियनच्या भिंतीजवळच्या खोलगट जागी उभा असलेला प्रसिद्ध सिकॅमोर वृक्ष सप्टेंबर २०२३ मध्ये तोडला गेला, तरी अजून लोक मला त्याच्याकडे जायची वाट विचारतात. लिंडिसफार्न बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो, म्हणून सुरक्षित वेळांचे अधिकृत वेळापत्रक पाहिल्याशिवाय गाडी घालू नये. दक्षिण किनाऱ्यावरचे सेव्हन सिस्टर्सचे खडूचे कडे कधीही कोसळतात. कड्याच्या टोकाला उभे राहू नये आणि त्याच्या पायथ्याशीही बसू नये. सीफर्ड हेडच्या बाजूने, पडक्या कडेपासून मागे राहूनही, ते पूर्ण रांगेत दिसतात.

थंडीत दिवसभर फिरून उबदार घरात शिरल्यावर चित्रे पाहायची ओढ लागते आणि इथेच अनेकांचे कॅमेरे बिघडतात. गार पडलेल्या भिंगावर आणि आतल्या भागांवरही घरातली दमट हवा पाणी धरते. दाराबाहेर असतानाच मेमरी कार्ड काढून खिशात ठेवा, कॅमेरा पिशवीत घालून तिची चेन पूर्ण लावा आणि पिशवी घरात आणल्यावर दोन तास ती उघडू नका.